दोष कोणाचा, दुखणं कोणाचं? : अमेरिकेतला शटडाऊन आणि लोकमत



जबाबदारी या संकल्पनेवर आपण गेले काही आठवडे बोलतो आहोत. कर्ता कोण, कारण कशाला म्हणायचं, दोष कोणाकडे जातो, ही चर्चा आतापर्यंत जरा हवेतच राहिली होती. आज तिला एका घटनेची जोड देऊ या. घटना अमेरिकेतली आहे. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे ४३ दिवस तिथलं केंद्र सरकार अर्धवट बंद राहिलं. अमेरिकेच्या इतिहासातला हा तोपर्यंतचा सर्वांत लांब शटडाऊन. भांडण होतं आरोग्यविम्यावरच्या अनुदानाचं. या ४३ दिवसांत वर्तमानपत्रांत, वाहिन्यांवर आणि जनमत चाचण्यांत सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न मात्र एकच होता : दोष कोणाचा? आज आपल्याला या प्रश्नाचीच उलटतपासणी करायची आहे. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही, आणि तो ज्या पद्धतीने विचारला गेला त्यामुळे त्याहून महत्त्वाचा एक प्रश्न झाकला गेला.

आधी वस्तुस्थिती बघू. २०१० साली ओबामांच्या काळात 'अफोर्डेबल केअर ॲक्ट' हा कायदा झाला. ज्यांना नोकरीतून विमा मिळत नाही त्यांनी सरकारी बाजारपेठेतून विमा घ्यायचा आणि उत्पन्नानुसार हप्त्यासाठी मदत मिळवायची, अशी त्यात सोय आहे. २०२१ मध्ये, कोरोनाच्या काळात, ही मदत वाढवण्यात आली. २०२२ मध्ये ती वाढीव मदत पुढे चालू ठेवली गेली, पण २०२५ अखेरपर्यंतच. या बाजारपेठेतून विमा घेणारे सुमारे २ कोटी ४० लाख लोक होते आणि त्यांपैकी बहुतेकांना ही मदत मिळत होती. ती संपली तर काय होईल? आरोग्यधोरणाचा अभ्यास करणाऱ्या केएफएफ या संस्थेचा अंदाज होता की अनुदान मिळणाऱ्या माणसाला स्वतःच्या खिशातून भरावा लागणारा वर्षाचा हप्ता सरासरी ८८८ डॉलरवरून १,९०४ डॉलरवर जाईल. म्हणजे दुपटीपेक्षा जास्त.

आता राजकारण. अध्यक्ष रिपब्लिकन, प्रतिनिधीगृह रिपब्लिकन, सिनेटमध्येही शंभरपैकी ५३ रिपब्लिकन. पण सिनेटमध्ये बहुतेक विधेयकं पुढे न्यायला ६० मतं लागतात. म्हणजे खर्चाचा ठराव करायला विरोधी डेमोक्रॅट पक्षाची काही मतं हवीतच. डेमोक्रॅट म्हणाले, विम्याची मदत चालू ठेवा, मग मतं देतो. रिपब्लिकन म्हणाले, आधी सरकार चालू करा, मग विम्याचं बोलू. सिनेटमध्ये तोच ठराव पुन्हा पुन्हा मतदानाला आला आणि चौदा वेळा अडला. लाखो कर्मचारी एक तर घरी बसले किंवा पगाराविना कामावर येत राहिले. सुमारे ४ कोटी २० लाख लोकांना मिळणारी अन्नमदत नोव्हेंबरमध्ये खोळंबली आणि प्रकरण कोर्टात गेलं. हवाई नियंत्रकांचा तुटवडा पडल्यामुळे ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी करावी लागली. आणि हे अगदीच परक्याचं घर नाही बरं का. न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये नवी नोकरी धरायला निघालेल्या आपल्या मराठी मुलामुलींचे नवे एच-वन-बी अर्जही ऑक्टोबरमध्ये अडकले, कारण त्यासाठी लागणारं श्रम खात्याचं प्रमाणपत्र देणारी कचेरीच बंद होती.

आपल्याकडे असं का होत नाही, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ७५ मध्ये मंत्रिमंडळ सामुदायिकरीत्या लोकसभेला जबाबदार धरलेलं आहे. लोकसभेने खर्चाला नकार दिला तर कचेऱ्या बंद पडत नाहीत, सरकारच पडतं. शिवाय अनुच्छेद ११६ मध्ये लेखानुदानाची सोय आहे. म्हणजे आपल्याकडे निदान या एका बाबतीत 'दोष कोणाचा' याचं उत्तर घटनेनेच देऊन ठेवलंय. अमेरिकेत सत्ता तीन ठिकाणी विभागलेली, त्यामुळे जबाबदारीही विभागलेली. मग ते उत्तर कोणी द्यायचं? लोकमताने. म्हणून तिथे दोषाच्या चाचण्यांना इतकं वजन येतं.

आता त्या चाचण्या जरा जवळून बघू. शटडाऊनच्या पहिल्याच दिवशी वॉशिंग्टन पोस्टने केलेल्या पाहणीत ४७ टक्के लोकांनी दोष ट्रम्प आणि रिपब्लिकनांना दिला, ३० टक्क्यांनी डेमोक्रॅटांना, आणि २३ टक्के म्हणाले, सांगता येत नाही. म्हणजे १७ टक्क्यांचं अंतर. ठळक निकाल! त्याच महिन्यात एपी-नॉर्क यांच्या पाहणीत मात्र दहापैकी सुमारे सहा जणांनी ट्रम्प आणि रिपब्लिकनांवर बरीच जबाबदारी टाकली, आणि ५४ टक्क्यांनी डेमोक्रॅटांवरही बरीच जबाबदारी टाकली. इथे अंतर जवळजवळ नाहीसंच झालं. लोक बदलले का? नाही. प्रश्न बदलला. पहिल्या पाहणीत दोघांतला एक निवडायचा होता. दुसरीत प्रत्येकाबद्दल वेगळं विचारलं होतं. एका पाहणीत दोष हा भाकरीसारखा आहे, एकाला जास्त दिला तर दुसऱ्याला कमी उरतो. दुसऱ्या पाहणीत तो तसा नाही, दोघंही पुरेपूर दोषी असू शकतात. नीतिशास्त्राच्या दृष्टीने दुसरी कल्पना बरोबर आहे. दोन माणसांनी मिळून एकाला विहिरीत ढकललं तर प्रत्येकाचा गुन्हा अर्धा होत नाही. पण बातमीच्या मथळ्याला पहिलीच कल्पना सोयीची, कारण तिच्यात जिंकणारा आणि हरणारा दिसतो.

ही झाली पहिली अडचण. दुसरी जास्त खोल आहे. हार्ट आणि ओनोरे या दोन विद्वानांचं कायद्यातल्या कार्यकारणभावावरचं पुस्तक १९५९ साली आलं. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा. घराला आग लागली तर हवेतला प्राणवायू हे आपण कारण मानत नाही, जरी तो नसता तर आग लागली नसती. आपण काडी ओढणाऱ्याकडे बोट दाखवतो. का? कारण प्राणवायू नेहमीचाच आहे, काडी नेहमीची नाही. म्हणजे कारण शोधताना आपण आधी 'नेहमीचं काय' हे ठरवतो आणि त्यापासून जो हलला त्याला पकडतो. शटडाऊनला हे लावून बघा. रिपब्लिकनांच्या दृष्टीने नेहमीचं म्हणजे अटी न घालता खर्चाचा ठराव करणं. म्हणून हलले ते डेमोक्रॅट. डेमोक्रॅटांच्या दृष्टीने नेहमीचं म्हणजे तेव्हा लोकांना मिळत असलेली मदत. म्हणून ती संपू देणारे हलले. दोन्ही पक्ष एकाच घटनेबद्दल बोलत होते, पण त्यांची 'नेहमीची' रेघ वेगळी होती. भांडण खरं त्या रेघेचं होतं, आणि दोषाच्या प्रश्नात ती रेघ दिसत नाही.

आता इतिहास घेतला की ही गोष्ट आणखी रंगते. २०१३ सालीही शटडाऊन झाला होता, १६ दिवसांचा, आणि तोही याच कायद्यावरून. पण तेव्हा पात्रं उलटी होती. अट घालणारे रिपब्लिकन होते : ओबामांच्या आरोग्य कायद्याचा पैसा थांबवा, नाहीतर खर्चाचा ठराव नाही. सिनेटर टेड क्रूझ यांनी त्याआधी सिनेटमध्ये २१ तासांहून जास्त भाषण केलं होतं. गंमत म्हणजे ज्या कायद्याला रोखण्यासाठी सरकार बंद पडलं त्या कायद्याचा बराचसा पैसा वार्षिक मंजुरीवर अवलंबूनच नव्हता. विम्याची बाजारपेठ १ ऑक्टोबरला, म्हणजे शटडाऊनच्या पहिल्याच दिवशी, ठरल्याप्रमाणे उघडली. कायदा चालू राहिला आणि बंद काय झालं? राष्ट्रीय उद्यानं, आणि राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधन रुग्णालयात नव्या रुग्णांना प्रवेश. तेव्हाच्या एनबीसी आणि वॉल स्ट्रीट जर्नलच्या पाहणीत ५३ टक्क्यांनी दोष रिपब्लिकनांना दिला, ३१ टक्क्यांनी ओबामांना.

आता तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला शोभेल असं एक काम करू. लोक कोणत्या नियमाने दोष देतात? तीन नियम मांडू आणि चार घटनांवर तपासू : १९९५-९६, २०१३, २०१८-१९ आणि २०२५. चारही वेळा जास्त दोष रिपब्लिकनांकडे गेला, हे लक्षात ठेवा.

पहिला नियम : जो अट घालतो तो दोषी. १९९५ मध्ये गिंग्रिच यांच्या काँग्रेसने अटी घातल्या, २०१३ मध्ये रिपब्लिकन प्रतिनिधीगृहाने, २०१८-१९ मध्ये सरहद्दीच्या भिंतीसाठी ट्रम्प यांनी. तिन्ही ठिकाणी नियम लागू पडतो. पण २०२५ मध्ये अट डेमोक्रॅटांनी घातली. तिथे नियम मोडला. दुसरा नियम : ज्याच्या हाती सत्ता तो दोषी. हा २०२५ ला चपखल बसतो. पण २०१३ मध्ये अध्यक्षपद आणि सिनेट डेमोक्रॅटांकडे होतं, तरी दोष रिपब्लिकनांना गेला. हाही नियम टिकत नाही. तिसरा नियम : ज्याची तशी ख्याती आहे तो दोषी. सरकार कमी असावं असं जो पक्ष वर्षानुवर्षं म्हणत आला, सरकार बंद पडलं की लोकांची नजर आधी त्याच्याकडे जाते. हा नियम चारही घटनांना लागू पडतो.

हे आमचं अनुमान आहे, सिद्धांत नव्हे. पण ते खरं असेल तर त्याचा अर्थ गंभीर आहे. दोषाची चाचणी आपल्याला त्या महिन्यात कोणी काय केलं याबद्दल फार थोडं सांगते. लोकांच्या मनात आधीपासून काय बसलेलं आहे, तेच ती बहुतांशी सांगते. ख्यातीवरून संशय घेणं अगदीच मूर्खपणाचं नाही, गावात आपणही तेच करतो. पण संशयाला निकाल म्हणू नये, एवढं तर खरं.

आणि सुसंगतीचा प्रश्नही टाळता येत नाही. २०१३ मध्ये जे म्हणाले की खर्चाच्या ठरावाला दुसऱ्या मागणीची शेपटी लावणं हीच ओलीस धरण्याची रीत आहे, त्यांतल्या पुष्कळांना २०२५ मध्ये ती शेपटी योग्य वाटली. आणि २०१३ मध्ये ज्यांना ती शौर्याची वाटली त्यांना २०२५ मध्ये ती बेजबाबदार वाटली. दोन प्रसंगांत फरक आहे का? आहे. एकात लोकांकडून एक सोय काढून घेण्यासाठी अट होती, दुसऱ्यात हातात असलेली सोय टिकवण्यासाठी. हा फरक लहान नाही. पण मग प्रामाणिकपणे म्हणा की आम्ही रीत बघत नाही, हेतू बघतो. रीतीचा मुद्दा सोयीने पुढे करायचा आणि सोयीने मागे घ्यायचा, हे चालणार नाही. तसंच २०२२ मध्ये या मदतीला २०२५ ची मुदत घातली ती डेमोक्रॅटांच्याच बहुमताने, हेही विसरू नये.

आता आपल्या न्यायदर्शनाकडे वळू. तुमच्यापैकी ज्यांनी तर्कसंग्रह वाचला आहे त्यांना घटाचं उदाहरण आठवेल. माती, कुंभार, चाक, दंड ही घटाची कारणं. पण माती वाहून आणणारं गाढव? ते होतं खरं, पण ते कारण नव्हे, ते अन्यथासिद्ध. माती दुसऱ्या कशावरूनही आली असती. (इथे हसण्याचं कारण नाही. गाढव हे डेमोक्रॅट पक्षाचं चिन्ह आहे हा निव्वळ योगायोग.) शटडाऊनमध्ये कारण कोणतं आणि गाढव कोणतं? टीव्हीवर रोज दिसणारे नेते हेच कारण, असं आपण धरून चालतो. पण १९८० पूर्वी खर्चाच्या मंजुरीत खंड पडायचे तेव्हा कचेऱ्या सहसा बंद होत नसत. १९८० आणि १९८१ मध्ये महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी एका जुन्या कायद्याचा कडक अर्थ लावला : मंजुरी नाही तर काम नाही, जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणापुरता अपवाद. तिथून आजचा शटडाऊन जन्मला. नेते बदलतात, हा नियम राहतो. म्हणजे नेत्यांना आपण कुंभार समजत होतो, ते काही अंशी गाढव निघाले! काही अंशीच म्हणतो, कारण हा नियम बदलण्याची ताकदही त्यांच्याच हाती आहे. एका साध्या कायद्याने आपोआप पुढे चालणारी मंजुरी देता येईल. ती दिली जात नाही, कारण दोन्ही पक्षांना हे हत्यार कधी ना कधी हवं असतं.

यात २०२५ मध्ये एक नवी गोष्ट घडली, तिची नोंद घ्यायलाच हवी. दोष कोणाला द्यावा हे सरकारी यंत्रणाच सांगू लागली. काही खात्यांच्या संकेतस्थळांवर विरोधी पक्षाला दोष देणारे मजकूर झळकले. शिक्षण खात्यातल्या घरी बसवलेल्या कर्मचाऱ्यांच्या ईमेलवरून जाणारी आपोआप उत्तरं बदलून त्यांत डेमोक्रॅटांना दोष देणारं वाक्य घालण्यात आलं, जणू तो कर्मचारीच ते म्हणतोय. न्यायालयाने हे त्या कर्मचाऱ्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करणारं ठरवलं. विचार करा. माणसाचा पगार थांबला आणि त्याच्याच नावाने दुसऱ्याचा आरोप बाहेर जातो. लोकमत मोजणं एक आणि ते सरकारी शिक्क्याने घडवणं दुसरं. वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्येच दाखवलं होतं की लोक प्रत्यक्ष जगावर नव्हे, तर डोक्यातल्या जगाच्या चित्रावर मत बनवतात. ते चित्र कोण रंगवतो, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही.

चित्राची ताकद किती, त्याचा एक दाखला. २०१३ मध्ये सीएनबीसीच्या पाहणीत एका गटाला 'ओबामाकेअर'बद्दल विचारलं, दुसऱ्याला 'अफोर्डेबल केअर ॲक्ट'बद्दल. कायदा एकच, नावं दोन. ओबामाकेअरला विरोध ४६ टक्के, अफोर्डेबल केअर ॲक्टला ३७ टक्के. ओबामाकेअरला पाठिंबाही जास्त. नाव ऐकताच माणूस आधी आपल्या बाजूला जाऊन उभा राहतो, कायदा मग बघतो.

आता त्या झाकल्या गेलेल्या प्रश्नाकडे येऊ. ऑक्टोबर २०२५ मध्येच केएफएफच्या पाहणीत ७८ टक्के लोक म्हणाले की विम्याची वाढीव मदत चालू राहावी. रिपब्लिकन मतदारांपैकीही ५९ टक्के तेच म्हणाले. इतकं एकमत त्या देशात आज क्वचितच दिसतं! दोषाबद्दल देश दुभंगलेला होता, गरजेबद्दल नव्हता. मग बातम्यांत काय गाजलं? दुभंग. आणि पुढे घडलं काय? ९ नोव्हेंबरला सिनेटमधल्या डेमोक्रॅट गटातले आठ सदस्य फुटले आणि ठराव ६० विरुद्ध ४० मतांनी पुढे गेला. या आठांपैकी एकालाही २०२६ च्या निवडणुकीला उभं राहायचं नव्हतं. दोघं निवृत्त होणार होते, बाकीच्यांची मुदत पुढची होती. म्हणजे दोषाचा हिशेब इथेही चालू होता : ज्यांना दोषाची झळ सर्वांत उशिरा लागणार, तेच पुढे झाले. त्यांच्या निर्णयाला आम्ही इथे भ्याडपणा म्हणत नाही आणि शहाणपणाही म्हणत नाही. अन्नमदत थांबलेल्या घरांचा विचार त्यांच्यापुढे होता, हेही खरं. बदल्यात त्यांना मिळालं ते डिसेंबरमध्ये मतदान घेण्याचं आश्वासन. ११ डिसेंबरला मतदान झालं. मदत वाढवण्याच्या बाजूने ५१, विरुद्ध ४८. पण लागत होती ६०. बहुमत मिळूनही ठराव पडला, आणि वर्षअखेरीस वाढीव मदत संपली.

आता सांगा, ज्या माणसाचा हप्ता जानेवारीत दुप्पट झाला त्याने दोष कोणाला द्यायचा? चाचणीच्या दोन पर्यायांत त्याचं उत्तर मावत नाही.

शेवटी तुमच्यापैकी काहींनी चिठ्ठीवर लिहून पाठवलेला एक प्रश्न घेतो.

प्रश्न : मग लोकमताला काही अर्थच नाही का? लोकांनी दोष देणं सोडून द्यावं का?

उत्तर : नाही, मुळीच नाही. जिथे सत्ता विभागलेली आहे तिथे लोकांच्या रागाशिवाय दुसरा अंकुश फारसा उरत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हर्जिनिया आणि न्यू जर्सीत डेमोक्रॅट जिंकले, तेव्हा खुद्द ट्रम्प यांनीही शटडाऊनचा आपल्या पक्षाला फटका बसल्याचं बोलून दाखवलं. पण रागाला आठवण लागते. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये गॅलपच्या मोजणीत रिपब्लिकन पक्षाबद्दल चांगलं मत असणारे फक्त २८ टक्के उरले होते, १९९२ पासूनच्या मोजणीतला दोन्ही पक्षांचा नीचांक. काही आठवड्यांत विम्याच्या सरकारी संकेतस्थळाचा बोजवारा उडाला आणि चर्चा तिकडे वळली. वर्षभराने, २०१४ मध्ये, त्याच पक्षाने सिनेटमध्ये नऊ जागा वाढवून बहुमत मिळवलं. दोषाचं नाणं फार लवकर घसरतं, आणि राजकारण्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. दोष द्या, पण त्याआधी तीन गोष्टी विचारा. हे थांबवणं कोणाच्या हाती होतं आणि त्यासाठी त्याला काय गमवावं लागलं असतं? किंमत प्रत्यक्षात कोणी मोजली? आणि ज्याने ती मोजली त्याला उत्तर द्यायला कोण बांधलेला आहे? आपल्याकडेही निधी अडला की केंद्र राज्याकडे बोट दाखवतं, राज्य केंद्राकडे, आणि आरोग्यकेंद्रात औषध नसतं. तिथेही हेच तीन प्रश्न चालतील. आणि उद्या वर्तमानपत्रात 'इतके टक्के लोक म्हणतात दोष अमक्याचा' असं वाचलंत, तर टक्केवारी बाजूला ठेवून आधी मूळ प्रश्न आणि त्याखालचे पर्याय शोधून वाचा.

पुढच्या वेळी आपण सामूहिक जबाबदारीकडे वळू. आज इथे थांबतो.